दामिनीचे मूत्रपिंड आणि विपुलची सोनोग्राफी

मी, श्रीमती माया पंजाबराव मोहोड, वय ६३ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार साईनगर, अमरावती, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते. कुणी सांगितले म्हणून नाही आणि कुणाला घाबरूनही नाही. शनिवारी डायलिसिस झाले की रविवारी सकाळी माझे डोके स्वच्छ असते. सोमवारी दुपारपासून ते जड होऊ लागते आणि ओळखीची नावेही आठवत नाहीत. म्हणून आजचा रविवार निवडला. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे पती चार वर्षांपूर्वी हृदयविकाराने वारले. मला दोन अपत्ये आहेत. मुलगी दामिनी, वय ४०, नागपूरला असते. मुलगा विपुल, वय ३३, अकोल्यात कृषी केंद्र चालवतो. येत्या १४ डिसेंबरला त्याचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले आहे. होणारी सून गीतांजली, दर्यापूरचे श्री. नत्थुजी गावंडे यांची कन्या.

मला जो मूत्रपिंडाचा आजार आहे तो वंशाने येतो. दामिनी तपासून झाली, तिला नाही. विपुलने तपासलेले नाही, आणि साक्षगंधाआधी तपासायला तो तयार नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

१. साईनगरचे घर, जागेसह, दामिनी व विपुल यांना निम्मे निम्मे. वकील म्हणाले, "बाई, अट टाका ना! रिपोर्ट आणला तरच हिस्सा. पोरगं पळत जाईल." अट टाकलेली नाही. लेकराला घराचे आमिष दाखवून दवाखान्यात न्यायचे, हे मला जमणार नाही. घर त्याचे आहे, भीतीही त्याची आहे.

२. बँकेतील ठेवीतून माझ्या उपचाराचे राहिलेले द्यावे. उरेल ते दोघांना सारखे. माझी पेन्शन कुणी मागत बसू नये, ती माझ्याबरोबर संपेल.

३. पाटल्या आणि पोहेहार दामिनीला. क्रोशाच्या सुयांचा डबाही तिला. त्या सुया मला कॉन्व्हेंटमधल्या शिवणाच्या सिस्टरने दिल्या होत्या. आम्ही मुली व्हरांड्यात ओळीने बसायचो आणि टाका चुकला की ती न रागावता सगळे उसवून पुन्हा हातात द्यायची. ते दिवस मला अजून स्वप्नात येतात. गीतांजलीच्या नावाने मी मुद्दाम काहीही लिहिलेले नाही. पुढे जे सांगणार आहे ते ऐकून तिच्या वडिलांना ती लाच वाटू नये.

४. रक्तदाब मोजायचे मशीन विपुलला.

५. माझी नणंद वच्छला हिच्याकडे माझी पितळी परात पंधरा वर्षे आहे. ती तिनेच ठेवावी. परतवाड्याच्या बाजारातून तिने आणलेला काढा मी दोन वर्षे घेतला. "वहिनी, यानं किडनी धुऊन निघते," असे ती म्हणायची. सोबत कंबरदुखीच्या गोळ्याही रोज चालू होत्या, त्या मात्र माझ्या मनाने. डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला लावले तोवर मूत्रपिंडांची उरलेली ताकदही बरीच गेली होती. काढ्याबद्दल मी तिला क्षमा केली आहे. पण मागच्या महिन्यात ती म्हणाली, "लग्न होऊन जाऊ द्या वहिनी, मंग सांगू. पोरगं तं धडधाकट दिसून राह्यलं." ती गोष्ट मी मनातून काढू शकलेले नाही, कारण माझ्या आईनेही हेच केले होते.

६. ते आता लिहिते. माझे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी झाल्या होत्या, हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि तिथेच उभी होते. त्याआधीच्या डिसेंबरात ते मला भेटायला शाळेच्या वसतिगृहाच्या फाटकाशी आले होते. पाय इतके सुजले होते की बूट चढेना, म्हणून थंडीत चपला घालून आले. हातात संत्र्यांची पिशवी. मैत्रिणी पाहत होत्या आणि मला लाज वाटली. मी पिशवी घेतली आणि पटकन आत गेले. मला वाटले, पुढच्या वेळी नीट बोलू. पुढची वेळ आली नाही.

माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आईने मोहोडांना सांगितले, हिच्या वडिलांना कावीळ झाली होती. मी चहाचा ट्रे धरून दारात होते. मी काही बोलले नाही. आमच्याकडे असेच करतात: घरातला आजार मुलीच्या लग्नापर्यंत झाकायचा आणि मग नशिबावर टाकायचा.

अडतिसाव्या वर्षी माझा रक्तदाब वाढलेला निघाला, लघवीतून एकदा रक्त गेले आणि सोनोग्राफीत तशाच गाठी दिसल्या. त्या दिवशी पंजाबरावांनी एवढेच विचारले, "तुले माईत होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

तीन महिने ते बाहेरच्या खोलीत झोपले. एके दिवशी जेवताना त्यांनी भाजीवरचे मीठ बाजूला सारले आणि म्हणाले, "तुले बिनमिठाचं खा लागते, तं मीही खाईन." पुढची वीस वर्षे, जाईपर्यंत, खाल्ले. त्यांनी मला क्षमा केली की सवय लावून घेतली, हे मला कधीच कळले नाही.

७. विपुलने हे नीट वाचावे. आई किंवा बापाला हा आजार असला तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी असते. येतो तेव्हा कळत नाही. तिशीत रक्तदाब चढतो, डोके दुखते, कुशीत दुखते, आणि माणूस म्हणतो उन्हातून आलो. लघवीला फेस येणे, पाय आणि डोळ्यांखाली सूज, अन्नावरची वासना जाणे, अंगाला खाज, हे फार उशिरा दिसते. गाठी औषधाने जात नाहीत. पण रक्तदाब ताब्यात ठेवला, मीठ कमी केले, दुखण्याच्या गोळ्या आणि काढे टाळले, दरवर्षी रक्त-लघवी तपासली, तर खूप वर्षे मिळतात. मला कुणी सतराव्या वर्षी हे सांगितले असते तर आज मी आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत नसते, किंवा निदान इतक्या लवकर नसते.

डायलिसिसला परवेज आहे, मशीन लावतो. वजन केले की ओरडतो, "काकू, दोन किलो चारशे! पानी पिलं का विहीर?" मला दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा आणि वरणही आले. संत्रे बंद, कारण त्यातला क्षार माझ्या रक्तात साचतो. अमरावतीत राहून संत्रे बंद. डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून फुगवलेली डाव्या हाताची शीर पाहून दामिनीचा धाकटा मुलगा जवळ येत नाही.

दिवाळीत विपुल तिथे मला घ्यायला आला तेव्हा परवेजने गंमत म्हणून त्याचाही रक्तदाब पाहिला. एकशे साठवर शंभर. विपुल हसला, "तुमची मशीनच बीमार आहे." जिन्यात मी त्याला धरले. तो म्हणाला, "आई, साक्षगंध झालं की करतो ना. आधी काही निघालं तं कोन देईल मले पोरगी?" आवाज त्याचा होता आणि शब्द माझ्या आईचे.

८. दामिनी मला एक मूत्रपिंड द्यायला तयार आहे. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्यांची तारीख मिळाली आहे. मी ते घेणार नाही. ती चिडली. "आई, तू नाही म्हणणारी कोण? माझं आहे!" बरोबर आहे, तिचेच आहे, म्हणूनच मी ते कुणाला देऊ शकत नाही. पुढे भावाला द्यावे असेही मी लिहीत नाही. तिचे आयुष्य, तिची लेकरे, तिचा विचार. फक्त मी त्रेसष्टाव्या वर्षी ते वापरून संपवणार नाही. दामिनी, तुझा राग मला समजतो. मी शुद्धीत नसताना डॉक्टरांनी विचारले तर हेच पान दाखव. श्वासाच्या मशीनवर मला ठेवू नका. शेवटी मात्र पाणी मागितले तर मोजू नका.

९. तेरवीला लोक विचारतील, काय झाले होते? आजाराचे नाव सांगावे. कावीळ म्हणू नये.

१०. या मृत्युपत्राची व्यवस्था दामिनीने पाहावी.

११. हे कलम सही करण्यापूर्वी, साक्षीदारांसमोर लिहीत आहे.

साक्षीदार म्हणून मी श्री. नत्थुजी गावंडे यांना दर्यापूरहून बोलावले. विपुलला हे माहीत नाही. कळल्यावर तो माझ्याशी बोलणे टाकेल. टाकू दे. त्याच्या आजाराविषयी मी काही ठरवून सांगत नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. पण माझा आणि माझ्या वडिलांचा आजार सांगायचा हक्क माझा आहे.

साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. नत्थुजी म्हणाले, "कुठी सही करू, विहीणबाई? आपल्याले काय वाचा लागते!" मी म्हटले, "तुम्हाला वाचावेच लागेल." त्यांनी चष्मा लावून सगळी पाने वाचली. सातवे कलम दोनदा वाचले. दुसरा साक्षीदार म्हणून बोलावलेला परवेज खिडकीशी उभा होता.

मग नत्थुजींनी विचारले, "बाई, त्या वक्ती तुमच्या आईनं खरं सांगितलं असतं, तं पंजाबरावांनी केलं असतं लगन?" या वेळी त्यांनी मला विहीणबाई म्हटले नाही.

मी म्हटले, "माहीत नाही. आम्ही त्यांना विचारलेच नाही."

त्यांनी पाने एकावर एक नीट लावली. चहा निवला. शेवटी पेन उचलून म्हणाले, "मी आज हो बी म्हनत नाही, ना बी म्हनत नाही. घरी जाऊन पोरीले सारं सांगतो. तिले इचारतो."

एवढेच मला हवे होते. वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझा आहे. दोघांच्या देखत सही करत आहे आणि ते माझ्या देखत करत आहेत.

ठिकाण: अमरावती
दिनांक: ३० नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) माया पंजाबराव मोहोड

साक्षीदार:
१. (सही) नत्थुजी गावंडे, दर्यापूर. सर्व वाचून सही केली.
२. (सही) परवेज शेख, डायलिसिस तंत्रज्ञ, अमरावती.