व्हिडिओतले सर

१२ जून २००६, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण घडलंच तसं.
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. आपली संस्था ई-लर्निंग सुरू करणार. घरबसल्या वेल्डिंग! सासवड, भोर, इंदापूर, कुठल्याही पोरानं कॉम्प्युटरवर बघायचं, शिकायचं आणि शेवटी कोथरूडला येऊन प्रॅक्टिकल करून सर्टिफिकेट घेऊन जायचं. व्हिडिओत शिकवणारा कोण? मी. रंगराव इंगळे.
नम्रपणे विचारलं, मीच का? प्राचार्य म्हणाले, "दुसरं आहे कोण?" एवढं कौतुक त्यांनी आजवर कुणाचंच केलेलं नाही. (वेल्डिंगचा शिक्षक संस्थेत मी एकटाच आहे, ही गोष्ट वेगळी.)
बायकोला सांगितलं. सत्यशीला गवार मोडत होती. "बरं," म्हणाली. भारावली असावी.
संकल्प : पोट कमी करणे. सकाळी टेकडी. उद्यापासून.

१३ जून, मंगळवार
टेकडी नाही. बूट सापडले नाहीत.

१६ जून, शुक्रवार
खराडीच्या कॉम्प्युटर कंपनीतून निकिता नावाची मुलगी आली. कोर्स तीच बनवणार. म्हणाली, "सर, सगळं सहा-सहा मिनिटांच्या मॉड्यूलमध्ये बसवू या." मी म्हटलं, सहा मिनिटांत माझं खोकूनसुद्धा होत नाही. माझा पहिला तास पूर्ण बुटांवर असतो. वर्कशॉपमध्ये चप्पल घालून येणाऱ्याला मी जे बोलतो ते पोरं जन्मभर विसरत नाहीत. ती म्हणाली, "सर, तेवढं कट करू."
मग विचारलं, या कोर्सचा लर्निंग आउटकम काय? म्हटलं, पोरगं आंधळं होत नाही. तिनं लॅपटॉपवर इंग्रजीत टाइप करून घेतलं. मुलगी हुशार आहे. माझ्या हाताखाली तयार होईल.

२४ जून, शनिवार
मिशांना कलप. शनिवार पेठेतला न्हावी म्हणाला, दहा मिनिटं ठेवा. मी अर्धा तास ठेवला, कॅमेऱ्याचे लाइट फार प्रखर असतात म्हणून. वरचा ओठ काळा झाला आहे. घासून जात नाही. सत्यशीला म्हणाली, "मिशी पण काळी झाली का, बघितलंत?" तिला यातलं कळत नाही. मंगळवारपर्यंत उतरेल.

२७ जून, मंगळवार
उतरला नाही.
शूटिंग, खराडी. काचेची बिल्डिंग. वेल्डिंग मशीन टेम्पोत घालून नेलं होतं, सिक्युरिटीनं गेटवरच अडवलं. आत ठिणगी उडाली तर छतातून पाणी पडतं म्हणे. म्हणजे लोखंडाचं काम शिकवायचं, पण आग नको. निकिता म्हणाली, आज फक्त थिअरी करू.
उभा राहिलो. सुरुवात दणक्यात. मग अडलो. मी दर वाक्यानंतर "समजलं का?" विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. कॅमेरा उत्तर देत नाही. वर्गात निदान मागच्या बाकावरचा जांभई देतो, त्यावरून आपलं कुठं चुकतंय ते कळतं. शेवटी निकिता कॅमेऱ्यामागे उभी राहून मान हलवू लागली. मग छान लय लागली. तेवढ्यात तिला फोन आला, ती बाहेर गेली, मी थांबलो. कॅमेरामन म्हणाला, "सर, बोला ना." मी म्हटलं, कुणाशी?
एकंदरीत उत्तम झालं.

२९ जून, गुरुवार
आज आपल्या वर्कशॉपमध्ये प्रॅक्टिकलचं शूटिंग. आपलं मैदान! रॉड टेकवला, फर्रकन आर्क पेटला आणि कॅमेऱ्यात सगळं पांढरंफेक. मी नाही, लोखंड नाही, काही नाही. मग त्यांनी कॅमेऱ्यापुढे काळी काच धरली. आता सगळं काळं, मधे एक ठिपका. तासभर हेच.
शेवटी निकिता म्हणाली, "सर, आर्क न पेटवता करता येईल का? ठिणग्या आम्ही नंतर कॉम्प्युटरवर टाकू."
म्हणजे करंटच बंद. मी थंड रॉड हातात धरून नुसता हात फिरवायचा. कॅमेरामन म्हणे, लोखंडी पट्टीवर सावली पडते, रॉड वर धरा. अजून वर. एकवीस वर्षं लोखंड वितळवलं, आज गॅदरिंगमधल्यासारखी तलवार फिरवली. तोंडावर पूर्ण वेळ मास्क, कारण त्यांच्या नियमाप्रमाणे सेफ्टी दिसली पाहिजे. चेहरा अजिबात दिसत नाही.
हरकत नाही. ओठाचा प्रश्न सुटला. आणि माझी उभं राहण्याची ढब ओळखणारे ओळखतीलच.

१८ जुलै, मंगळवार
निकिताचा फोन. थिअरीतला माझा चेहरा काढून टाकलाय, त्या जागी चित्रं हलतात. फार एंगेजिंग होतं म्हणे. आणि आवाज एका रेडिओवाल्याचा घेतलाय. कारण विचारलं. जरा अडखळली, मग म्हणाली, "सर, तुम्ही मधेमधे 'करून राहिले' म्हणता."
मी? बावीस वर्षं पुण्यात! मलकापूर सोडलं तेव्हाच ती भाषा स्टेशनवर ठेवून आलो. संध्याकाळी सत्यशीलाला विचारलं, मी कधी 'करून राहिले' म्हणतो का? ती म्हणाली, "तुम्ही आत्ता काय विचारून राहिले, तेच मला कळलं नाही."
मोठमोठ्या नटांनासुद्धा दुसऱ्याचा आवाज देतात. अभिनय महत्त्वाचा.

५ ऑगस्ट, शनिवार
उद्घाटन! मोठ्या पडद्यावर कोर्स दाखवला. ठिणग्या अप्रतिम. खऱ्या इतक्या सुंदर नसतात. रेडिओवाल्याचा आवाज मधासारखा : "मित्रांनो, घाबरू नका, लोखंड आपलं ऐकतं." असलं काही मी जन्मात बोललेलो नाही. पण टाळ्या पडल्या. शेवटी नावं सरकली. माझं बघायला खिशातून चष्मा काढेपर्यंत गेलंसुद्धा.
भाषणात प्राचार्यांनी निकिताचे आभार मानले, खराडीचे मानले, विजेचे मानले. कार्यक्रमात फ्यूज गेला नाही म्हणून.

९ ऑगस्ट, बुधवार
राखीला मेहुणा आला, बाबुराव, मलकापूरहून. त्याला मुद्दाम सायबर कॅफेत नेऊन कोर्स दाखवला. पूर्ण पाहिला. मग म्हणाला, "भाऊजी, तुम्ही कुठंच दिसून नाही राहिले."
म्हटलं, तो मास्कवाला मीच.
"कशावरून?"
हात दाखवले. आवाज? तो दुसऱ्याचा. चेहरा? झाकलेला. ठिणग्या? कॉम्प्युटरच्या. बाबुरावनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा पाजला. माणूस मनानं चांगला, पण तांत्रिक विषय कळत नाहीत.

११ सप्टेंबर, सोमवार
प्राचार्यांचा नवा हुकूम. एवढा चांगला कोर्स केलाय, तर इथल्या नेहमीच्या मुलांनीही थिअरी त्यावरच करावी. माझे तास बंद. उत्तम! आता वेल्डिंगवर ग्रंथ लिहायला वेळ मिळेल. उद्यापासून.
दुपारी सहज कॉम्प्युटर रूममध्ये डोकावलो. एसी चालू, सगळी मुलं गप्प. माझ्या वर्गात इतकी शांतता कधी नव्हती. आत शिरून एकाला म्हटलं, रॉडचा कोन नीट बघ रे. त्यानं कानातलं काढून सांगितलं, "सर, जरा हळू. लेक्चर चालू आहे."
कुणाचं लेक्चर? माझं!
बाहेर आलो. ग्रंथाचं नाव ठरत नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार
संपर्कवर्ग, म्हणजे शेवटचं कोथरूडचं प्रॅक्टिकल, घेणाऱ्यानं आधी कोर्सची ऑनलाइन परीक्षा पास व्हायची, असा नियम निघाला. परीक्षा माझ्याच कोर्सची. अभ्यास कशाला! तरी शिष्टाचार म्हणून व्हिडिओ लावला. आवाज फारच मऊ. डोळा लागला.
परीक्षेत पहिलाच प्रश्न : काम सुरू करण्यापूर्वी सर्वप्रथम काय कराल? मी उत्तर दिलं, बूट तपासेन. चूक. बरोबर उत्तर : 'स्वतःचं शिकण्याचं उद्दिष्ट ठरवेन.' पुढेही असंच.
नापास.
निकिताला फोन करून तक्रार केली. ती म्हणाली, "सर, सिस्टीम दाखवतेय की तुम्ही व्हिडिओ पूर्ण बघितलाच नाहीत." म्हटलं, बाई, मी त्यात आहे! म्हणाली, "हो सर, पण लॉगइन करून बघायला हवं होतं."
दुसऱ्या प्रयत्नात पास. प्रत्येक प्रश्नाला मला जे वाटतं त्याच्या उलट उत्तर दिलं.

३ डिसेंबर, रविवार
संपर्कवर्ग. लिहिताना पाय उशीवर आहे. का, ते खाली.
सकाळी गावोगावची मुलं आली. चेहऱ्यावर उत्साह. म्हटलं, चला, दाखवा काय शिकलात. सगळ्यांनी मास्क लावले आणि एकसाथ मास्कवर उजव्या बाजूनं दोन चापट्या मारल्या. फट फट. मी चक्रावलो. मग आठवलं, शूटिंगच्या दिवशी माझ्या मास्कची बिजागरी सैल होती, सारखा खाली घसरत होता. कुणीतरी विचारलं, सर, चापट्या दोनच ना?
पुढचं त्याहून वाईट. सगळ्यांनी रॉड पट्टीपासून वीतभर वर धरला आणि वाट बघत राहिले. ठिणगीची. कॅमेरामनला सावली नको होती, म्हणून मी वर धरला होता! एवढ्या महिन्यांत यांच्यापैकी एकानंही रॉड लोखंडाला टेकवलेला नाही. घरी मशीनच नाही, टेकवणार कशाला?
सासवडची राजनंदिनी म्हणून एक मुलगी. वडिलांचं ग्रिल बनवायचं दुकान. वडिलांचा हात पक्षाघातानं गेला, दुकान हिनं चालवलं नाही तर बंद. कारागीर सोडून गेला. घरचं मशीन नादुरुस्त, ते दुरुस्तीला टाकलंय. तोवर हिची सगळी भिस्त व्हिडिओवर. रॉड टेकवायला सांगितला, तर चिकटला. ओढला, निघेना. पुन्हा, पुन्हा चिकटला. रडवेली झाली. म्हणाली, "सर, आमचं व्हिडिओतल्या सरांसारखं होत नाही."
मी म्हटलं, ते सर मीच.
तिनं डोळे पुसत माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसली. "काहीतरीच. ते किती शांतपणे सांगतात."
मग मात्र माझं डोकं फिरलं. कोर्स गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि एकेकाचा हात धरून सुरुवात केली. काडेपेटीवर काडी ओढतात तसा ओढ! उचल! एवढा नको! कानानं ऐक, कांदा तळताना होतो तसा आवाज आला पाहिजे! घसा बसेपर्यंत ओरडलो. 'करून राहिले' किती वेळा म्हणालो कोण जाणे. भोरचा दशरथ चप्पल घालून आला होता. का, तर व्हिडिओत बुटांचं काही नव्हतं. त्याला माझे बूट दिले, त्याची चप्पल मी घातली. थोड्याच वेळात तापलेला लाल ठिपका सरळ माझ्या अंगठ्यावर.
पण निघायच्या आधी राजनंदिनीनं एक अख्खी रेघ ओढली. जरा वाकडी, पण भरीव. हातोडीनं ठोकून बघितली, सुटली नाही. तिनं ती पट्टी गरम असतानाच ओढणीत गुंडाळली.
फोड मोठा आला आहे. तरी आज छान वाटतंय. प्राचार्य या दिवसाची दखल घेतील.

१८ डिसेंबर, सोमवार
घेतली.
मुलांनी कॉम्प्युटरवर अभिप्राय दिलेत, प्राचार्यांनी वाचून दाखवले. कोर्स अप्रतिम. व्हिडिओतले सर देवमाणूस. संपर्कवर्गातले सर मात्र फार ओरडतात. शिवाय स्वतःच चप्पल घालून वर्कशॉपमध्ये फिरतात, सेफ्टीचं भान नाही. पुढच्या वेळी कृपया व्हिडिओतल्या सरांनाच पाठवावं.
मी म्हटलं, सर, तो मीच.
प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, "ते मला माहीत आहे हो इंगळे. पण तुमच्यापेक्षा तुम्ही लोकप्रिय आहात, त्याला मी काय करू?"
पुढचे संपर्कवर्गही ऑनलाइन होणार. मला कॉम्प्युटर रूमचा इनचार्ज केलं आहे. कॉम्प्युटर चालू करायचे, बंद करायचे, मधे चपला बाहेर काढायला सांगायचं. तिथे बूटही चालत नाहीत. कार्पेट आहे.
ही बढतीच म्हणायची. आयटीत शिरलो. सत्यशीलाला तसंच सांगितलं. तिनं अंगठ्याची पट्टी बदलून दिली.

११ फेब्रुवारी २००७, रविवार
सकाळी फोन. राजनंदिनी, सासवडहून. मशीन दुरुस्त झालं. तिनं एकटीनं पहिलं गेट बनवलं, काल बसवलं. गिऱ्हाईक त्यावर लोंबकळून बघून गेलं, हललं नाही. पलीकडून वडिलांचा आवाज येत होता. बोलणं स्पष्ट नाही, पण हसत होते.
मी नुसतं वा, वा म्हणत राहिलो.
मग ती म्हणाली, "सर, एक काम होतं. व्हिडिओतल्या सरांचा नंबर द्याल का? त्यांना गेट दाखवायचंय. तुम्ही रागावलात म्हणून हात बसला माझा, ते खरंच. पण भीती त्यांनी घालवली."
सत्यशीला दारात उभी राहून ऐकत होती. मला खुणावत होती, सांगा की!
मी म्हटलं, ते हल्ली फार बिझी असतात. पण निरोप देतो.
ती म्हणाली, "नक्की द्या हं."
दिला.