लाल चिंध्या

१४ मे, बुधवार

चि. धाकटीस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण चिखल तुडवायला अजून नाही म्हणत नाही. आई मजेत आहे. पेपरातला तुझा फोटो कापून तिने फ्रिजवर लावलाय. आल्यागेल्याला सांगते, धाकटीच्या कंपनीने पाखरं वाचवली. मी तिथेच चहा गाळत असते.

एकवीस वर्षं मी या पाणथळीची राखण करतेय. तू आलीस दोनदा, तेही कोरे करकरीत गमबूट घालून. आणि फलकावर नाव तुझं! खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. कंपनीने दुर्बिणी दिल्या, नवी होडी दिली, उपयोगही होतोय. तरी त्या होडीत बसताना दातओठ खाते मी.

आता मुद्द्याचं. तुमच्या इंजिनियरने लाकडी पायवाट आखली ती माझ्या लाल चिंध्यांवरून. त्याला वाटलं, मी वाटच दाखवून ठेवलीय. अगं, चिंधी म्हणजे इथे पाय टाकू नका! प्रत्येक चिंधीपाशी शेकाट्याचं घरटं आहे, उघड्या चिखलावर. त्याने नकाशा पुढे करून विचारलं, "बाई, बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "तुम्ही शिकलेली माणसं, मी काय सांगणार?"

मनात म्हटलं, होऊ दे शोभा. फलकाखालीच फुटकी अंडी दिसू देत. आईलाही कळू दे, कोणाला काय येतं ते.

आज सकाळी एक मादी पोट पाण्यात भिजवून आली आणि तापलेल्या अंड्यांवर बसली. मी जवळ गेले तरी उठेना. मला माझीच लाज वाटली.

शुक्रवारी खांब ठोकणार आहेत. आखणी बदलायला तुझी सही लागते म्हणे. वाट पूर्वेच्या बांधावरून ने, तिथे एकही घरटं नाही. नकाशा जोडलाय. पत्र तुझ्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, कारण फोनवर मी भांडले असते. इंजिनियरसाहेबांना सांग, चूक माझी.

आणखी एक. सगळे ही माझी खूण समजतात, मीही समजू दिलं. पहिली चिंधी तुझ्या वेणीची रिबीन होती. आठ वर्षांची होतीस. घरटं तूच शोधलंस, रिबीन तूच बांधलीस, आणि घरी येऊन हरवली म्हणून मार खाल्लास. मी गप्प बसले होते. तेव्हाही.

तुझी,
दोनदा गप्प बसलेली ताई