चौसष्टचा ड्रायव्हर आणि पुसलेला फळा

७ एप्रिल
आजपासून आमची पाणी संस्था डिजिटल. कुणाच्या उसाला पाणी कधी, ते यापुढे प्रोग्राम मोबाइलवर कळवणार. प्रोग्राम मीच केला, यूट्यूबची किरकोळ मदत. सगळ्यांच्या पाळ्या काँप्युटरात भरल्या आणि ऑफिसबाहेरचा फळा ओल्या फडक्याने स्वतः पुसला. चेअरमन नाथाजीआबा म्हणाले, "मेजर, फळा ऱ्हाऊ द्या की चार दिस." आर्मीत सिग्नलला नोकरी केलेला माणूस खडूवर विसंबत नाही.

७ एप्रिल, दुपार
प्रोग्राम म्हणतो, डेटाबेसचा ड्रायव्हर लोड होत नाही. म्हणजे पाळ्या आत आहेत, पण त्या वाचणाराच आत शिरेना. संध्याकाळपर्यंत होईल.

८ एप्रिल
झालं नाही. ड्रायव्हर काढला, घातला, परत काढला. फाइल डोळ्यांसमोर आहे आणि हा म्हणतो सापडत नाही! भाची अंकिता मिरजेत सॉफ्टवेअरमध्ये आहे. फोनवर म्हणाली, मामा, प्रोग्राम बत्तीस बिटचा दिसतोय, ड्रायव्हर तुम्ही चौसष्टचा घातलाय, बत्तीसचा घाला. पोरीला मोटरीतलं काय कळतं? साडेसात हॉर्सपॉवरची मिळत असताना पाचची कोण बसवतं? चौसष्टच ठेवला.

९ एप्रिल
दिसेल त्या फोल्डरात ती फाइल टाकली. उपयोग शून्य. फळा कोरा, त्यामुळे जो तो आपल्या आठवणीने व्हॉल्व्ह फिरवतोय. शिवतेज आणि बिराप्पा या दोन सभासदांची तिथे जुंपली. बिराप्पा ऑफिसात येऊन म्हणाला, "आवं मेजर, तुमच्या मशिनीला पाणी लागत न्हाई, आमच्या उसाला लागतंय." लोकांना अजिबात धीर नाही.
जेवताना बायकोने, राजेश्वरीने विचारलं, आपल्या उसाची पानं वळायला लागलीत, आपला नंबर कवा हाय? म्हटलं, प्रोग्राम सांगेल. मला कुठे आठवतोय!

१० एप्रिल
राजेश्वरी पहाटेपासून मागे लागली. रानात जाऊन बसा म्हणे, व्हॉल्व्हपाशी माणूस नसला की पाणी पुढच्याला जातंय. तिलाच जा म्हटलं, तर तिचा गुडघा सुजलेला. नियम मला माहीत आहे. पण ऐन मोक्याला मोर्चा सोडायचा नसतो. दिवसभर सेटिंग. रागाने माउस आपटला, तो गेला. जुनाच होता.

११ एप्रिल
सकाळी कुणी नसताना बत्तीसचा ड्रायव्हर घातला. केवळ अंकिताची चूक दाखवायला.
लोड झाला! माझ्या चिकाटीपुढे नमला शेवटी. आबांना, सगळ्यांना बोलावलं आणि सर्वांदेखत बटण दाबलं. पहिला मेसेज माझ्याच मोबाइलवर. शिवतेजने तो मोठ्याने वाचला: "आदरणीय सभासद, आपल्या उसाची पाण्याची पाळी काल होती व ती संपली आहे. पुढील पाळी मे महिन्यात. सहकार्याबद्दल आभार."
कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. बिराप्पा हळूच म्हणाला, "काल तुमची लय येळ वाट बगितली मेजर. तुमच्या मागं नंबर माझा, मग घेतलं पाणी."

११ एप्रिल, संध्याकाळ
रानात जाऊन आलो. ऊस बघवेना. राजेश्वरी सुजलेला गुडघा चोळत बांधावर बसली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं; धूळ फार होती.
येताना खडूचा डबा घेतला. डिजिटलमध्ये याला बॅकअप म्हणतात.