चाकांचं कपाट आणि माझा अंबाडा

अंधेरी, हॉस्पिटल, खाट नंबर नऊ
बुधवार

चि. सौ. माधुरीस थोरल्या जावेचा, म्हणजे पार्वतीचा, आशीर्वाद. (तू घेणार नाहीस, तरी घे.) तुझे गुडघे कसे आहेत? धाकूचा खोकला? (तुझा नवरा असला तरी मी त्याचं नावच घेणार. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शेंबडा होता.) माझ्याशी भांडून लेकीकडे माहुलला गेलीस त्याला आठ महिने झाले. मी मोजले नाहीत, तुझे भावोजी म्हणाले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून त्यांच्याच हाती हे पत्र पाठवते.

मी पडले. मासळी बाजारात बर्फाच्या पाण्यावरून घसरले, डावा हात आणि खुबा दोन्ही मोडले. उजवा हात आणि तोंड शाबूत आहे. साखर वाढलीय म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं, आता शुक्रवारी आहे. दुखतं ते सोड, माझे हाल केसांनी केलेत. एका हाताने अंबाडा होत नाही, बघ घालून. पंचवीस वर्षं रोज पहाटे तू माझा घालायचीस, मी तुझा. इथे दोन दिवस केस मोकळे सोडून भुतासारखी पडले होते. शेवटी तुझ्या भावोजींना म्हटलं, बांधा. जन्मभर जाळं विणलेला माणूस, त्यांनी माझ्या केसांना जाळ्याची गाठ मारली. भर समुद्रात सुटू नये म्हणूनच असते गो ती! वर घट्ट बसावी म्हणून पाण्याने ओली केली. शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून टाके धरून बसली. दीप्ती सिस्टर कात्रीच घेऊन आली, तर मी अशी ओरडले की खालचा वॉचमन वर आला.

आता रोबोचं सांगते. इथे चाकांचं एक कपाट फिरतं, कमरेएवढं, वर काळा डोळा. औषधं, चादरी घेऊन एकटंच लिफ्टने खालीवर करतं. कोणी आडवं आलं की म्हणतं, कृपया मार्ग द्या. (मार्ग! माणूस म्हणतो, सरक.) सगळा वॉर्ड त्याचं कौतुक करतो, मला मात्र त्याचा राग. दीप्ती आली की अंगाला हात लागतो, मावशी आज किती शिव्या दिल्यात, असं विचारते. हे कपाट पायथ्याशी येतं, चादर देतं नि तोंड फिरवतं. म्हणून मी काय करायचे, ते जवळ आलं की त्याच्या डोळ्यावर टॉवेल फेकायचे. (पाटीत मासे फेकून हाताला नेम बसलाय.) आंधळं झालं की ते जागीच उभं राहून पीं पीं करतं, मग दीप्तीला यावंच लागतं. आली की तिचा हात धरायचा नि गाठीवर ठेवायचा. ती हात सोडवून घ्यायची नि पळायची. मला वाटायचं, काय माजलीय.

चौथ्या वेळी आली ती घामाघूम. म्हणाली, "मावशी, हे थांबलं की औषधं आणायला मीच चार मजले पळते. हे पळालं तर मला दहा मिनिटं मिळतात. ती मी तुमच्या डोक्याला देणार होते, आणि तुम्हीच त्याच्यावर टॉवेल टाकताय?" मी टॉवेल तिच्याकडून घेऊन उशीखाली कोंबला. (हो, मी. भावोजींना विचार.) जिला बोलवायला हा उद्योग केला, तिलाच पळवत होते.

तेव्हापासून कपाट आलं की मीच ओरडते, सरका रे! आणि दीप्ती रोज दहा मिनिटं बसते, कंगव्याच्या टोकाने गाठ उकलते. पोरगी चांगली आहे, पण बोटं तुझी नाहीत. तू डोळ्यांत पाणी येईस्तोवर ओढायचीस, मग दिवसभर केस हलायची बिशाद नव्हती. ही इतकी हळू करते की माझा डोळा लागतो. मग वाटतं पहाट झालीय, मासळीचा टेम्पो यायचाय, आणि तू मागे बसून सगळा राग माझ्या डोक्यावर काढतेयस. जाग येते तेव्हा मागे उशी असते.

गाठ अर्धीच सुटलीय. ऑपरेशनची टोपी तिच्यावर बसत नाही. शुक्रवारपर्यंत नाही सुटली तर कापणार. तुला काय त्याचं. लांब पडतं, येऊ नकोस, मी नुसतं कळवलं. नातवाला पापा.

तुझी थोरली जाऊ,
पार्वती

ता. क. भेटायची वेळ चार ते सहा. माहुलहून घाटकोपरपर्यंत रिक्षा, तिथून मेट्रो. सहज चौकशी केली होती.

ता. क. आपण भांडलो त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर मी तुझे बोंबील कालचे आहेत म्हणाले. ताजे होते. कालचे माझे होते.

ता. क. पाकीट चिकटवायला दीप्तीला दिलं तर तिने पत्र वाचलं. म्हणते, खोटं लिहू नका. बरं. गाठ काल दुपारीच सुटली, चार केससुद्धा तुटले नाहीत. अंबाडा घालू का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं नको, माझी जाऊ यायचीय. आता मला खोटं पाडू नकोस.