मशीन न बघता दिलेली सुई

प्रिय इंच्या,

बाहेरच्या बाकावरून लिहितोय. दाराच्या गोल काचेतून तुझे फक्त पाय दिसतात, आणि चादरीखालून तेसुद्धा रागावलेले दिसतात. सिस्टर काही आत सोडत नाही. सकाळपासून तीनदा विचारलं, तर म्हणाली, "काका, गप बसा, नाहीतर तुम्हालाच दाखल करून घेईन." बसलो. उठलो. परत बसलो. या बाकाचा एक स्क्रू ढिला आहे. किल्लीने आवळून पाहिला, तरी कुरकुर जात नाही. तुझ्या हृदयाच्या झडपेवर गुठळी धरली आहे, सलाईनमधून औषध चाललंय, विरघळली तर ठीक, नाहीतर छाती परत उघडायची. ते आज दुपारच्या तपासणीनंतर ठरणार. हे सगळं तुला डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच असेल. गुठळी आली कुठून, ते मात्र तुला आणि मला त्यांच्याआधी माहीत होतं.

तुझ्या टेलरिंगच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्याकडे एक पाना, दोन स्क्रूड्रायव्हर आणि मागून आणलेली सायकल एवढाच संसार होता. तू मशीन दाखवायच्या आधीच मी दारातून सांगितलं, शटल घासतंय. तू म्हणालास, "हात न लावता?" मी म्हटलं, कान लावलाय ना. त्या दिवशी तू मला पान्या केलंस आणि मी तुला इंच्या, कारण गळ्यातली टेप तू स्वतःच्या लग्नातही काढली नव्हतीस. चाळीस वर्षं झाली. शिकलो काही नाही, तीन दुकानं उभी केली ती या दोन कानांवर. म्हणून तर कान चढून गेले डोक्यावर.

माझं बायपास झालं आणि चार महिन्यांनी तुझी झडप बदलली. दोघांचेही ठोके नंतर ताल सोडून पडायला लागले. असं झालं की रक्त आत साकळतं, म्हणून ते पातळ ठेवायचं. मला नवी गोळी मिळाली, तुला जुनी. तू पहिल्यांदा परत दुकानात बसलास तेव्हा समोरच्या स्टुलावरून मला तुझी झडप ऐकू आली. टिक, टिक, बारीक आणि लख्ख. म्हटलं, लेका, इतक्या वर्षांत तुझ्याकडून काहीतरी वेळेवर होतंय. तू खडू फेकून मारलास.

मग तुझी कटकट सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी रक्त द्या, रक्त गोठण्याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवा, पालेभाजी आज वाटीभर आणि उद्या ताटभर असं करू नका, सर्दीची गोळीसुद्धा विचारून घ्या. दंडाची शीर सापडत नाही, हात काळानिळा. मी बॉबिनच्या खोक्याच्या झाकणावर मधोमध रेघ मारली, एकीकडे तुझी गोळी, दुसरीकडे माझी. माझ्या बाजूला लिहायला फारसं काही नव्हतंच. सकाळी एक, संध्याकाळी एक, चुकवायची नाही, बास. झाकण बघून तू म्हणालास, "एकाच दवाखान्यात तुला कोट आणि मला नुसतं अस्तर?" मी फुशारलो. म्हटलं, डॉक्टरांनाही जुन्या औषधाची सवय असते रे. आणि माझ्या खणातली जास्तीची पाकिटं तुझ्या हातावर ठेवली. तीन आठवडे तू ती घेतलीस. जुनी गोळी कात्रीच्या खणात पडून राहिली.

आणि असं करणारा मी कोण? घरगुती मशीनची सुई कारखान्याच्या मशीनला लावली म्हणून गिऱ्हाइकाला चारचौघांत झापणारा. सुई कितीही भारी असू दे, आधी मशीन बघा, हे मी दिवसातून दहादा म्हणतो. आपल्या वेळी मात्र दोन सुया शेजारी मांडून तोलत बसलो. तुझ्यात धातूची झडप आहे आणि माझ्यात नाही, आणि नवी गोळी धातूच्या झडपेला चालत नाही, हे त्या झाकणावर कुठेच लिहिलं नाही. जो आवाज मी रोज ऐकत होतो, तोच लिहायचा राहिला.

काल सकाळी तू कोट टांगायला दोन पायऱ्यांच्या शिडीवर चढलास आणि धापा टाकत उतरलास. मी समोर बसलो. झडप ऐकू येईना. पंखा बंद केला, मशीन बंद करायला लावलं. आवाज होता, पण कापडात गुंडाळल्यासारखा. तू म्हणालास, "कान म्हातारे झाले तुझे." चल दवाखान्यात म्हटलं असतं तर तू वाद घालत संध्याकाळ केली असतीस. म्हणून मीच छाती धरली. माझ्या धडधडीचं नाटक तुला खरं वाटलं आणि तू मला टॅक्सीत घालून इथे आणलंस. वाटेत माझा हात घट्ट धरला होतास. मला त्याची फार लाज वाटली. दारात पोचल्यावर मी सिस्टरला म्हटलं, मला नको, याला बघा.

आत नेण्याआधी तू माझं मनगट पकडून म्हणालास, "गोळ्यांचं तोंडातून काढलंस तर दोस्ती संपली." मी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी कुठली गोळी घेता विचारलं आणि तू छातीठोकपणे सांगितलंस, लिहून दिलेली, रोज, न चुकता. मी ते ऐकलं. मग या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिलो, तेवढ्यात सिस्टर रक्त पातळ करायचं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून तुझ्याकडे निघाली.

आत्ता वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या आहेत. हे पेन त्यांचंच. कालपासून तू त्यांच्याकडे पाठ करून पडला आहेस. "मी काय केलं हो?" असं त्या मला विचारतात. इंच्या, गोळ्यांचं त्यांनीच सांगितलं असं तुला वाटतंय, पण त्यांनी काहीच केलेलं नाही. त्यांना ना पाकीट सापडलं, ना काही माहीत होतं. अंगात माझी गोळी असताना वर ते इंजेक्शन गेलं असतं तर तुझं रक्त वाहायचं थांबलं नसतं, म्हणून त्या ट्रेसमोर मी आडवा झालो. कुठली गोळी, किती दिवस, शेवटची कधी, कुणी दिली, सगळं मी सांगितलं. वहिनींना आत्ता, हे लिहिताना सांगितलं. त्या उठून गेल्या नाहीत. तेव्हा ही चिठ्ठी मिळाली की आधी कूस बदल, त्या येतील तेव्हा तुझं तोंड दाराकडे असू दे. दोस्ती संपली म्हणालास, तर संपली. तू बोलू नकोस. एक दिवस दुकानात मला समोरच्या स्टुलावर बसू दे, पंखा बंद कर, आणि मला ऐकू दे.

तुझाच,
पान्या