बंद चावी

१२ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी देवाचं नाव घेऊन प्रयोगशाळा उघडली, काचेचं पात्र रोजच्यासारखं स्पिरिटनं विसळलं आणि तुझ्या लेकीचा प्रयोग सुरू केला. तुला ठाऊकच आहे, धुराड्यातून जातो तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडून वीज दिली, की त्याचं अल्कोहोल होतं. म्हणजे धुराचं इंधन! संध्याकाळी अल्कोहोलचा आकडा नेहमीइतकाच आला. मग त्या वायूचा सिलिंडर बंद करायला गेलो, तर काय! चावी सकाळपासून बंदच होती. वायू आत गेलाच नव्हता, अक्का! मग अल्कोहोल आलं कुठून?

वीस तारखेला पोरीच्या प्रबंधाची परीक्षा. तिला सांगायला जीभ रेटत नाही.

लोभ आहेच, या वेळी अक्कलही पाठव.

तुझा धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. अरे, तीस वर्षं रुग्णांच्या दंडाला मी स्पिरिट चोळलं. ते अल्कोहोलच ना? तू सकाळी लावतोस तेच संध्याकाळी मोजत नाही ना तुम्ही? आईच्या तांब्यावरचं नाव घासून घालवणारा तूच!

तुझे मेव्हणे म्हणतात, वीस तारखेपर्यंत मामानं तोंडाला कुलूप लावावं. मला काही सुचत नाही. तुझ्या देवालाच विचार.

काळजीत असलेली,
अक्का

२० मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं. स्पिरिटनंतर पात्र पाण्यानं धुतो, म्हणून माझ्या मनातच आलं नाही. पात्राच्या झाकणाचं जुनं रबर नुसत्या पाण्यात ठेवलं, तर त्यात मुरलेलं अल्कोहोल उतरलं. नवं रबर लावून, स्पिरिट न वापरता, वायू सोडून दिवसभर वीज दिली. आकडा जवळजवळ शून्य.

पोरीला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. माझ्या पाच वर्षांवर मामानं पाणी फिरवलं, म्हणाली. नुसत्या पाण्यानंच धुतलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं. तिच्या मार्गदर्शक सरांना सांगण्याचं बळ तिच्यात नव्हतं, माझ्यातही नव्हतं. काल देवापुढे हात जोडले, तर हातांना स्पिरिटचाच वास.

आज सकाळी परीक्षक यायच्या आत सरांच्या टेबलावर ते जुनं रबर आणि बंद चावीचा नि नव्या रबराचा असे दोन्ही आकडे ठेवले. दाराशी पोर येऊन उभी राहिली होती. तिच्यादेखत सगळं सांगून टाकलं.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझा धाकटा