शून्य ते दहाची रेघ

सहकारनगर, पुणे
रविवार

प्रिय तनया,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि शाळेत तू तनया मॅडम, शैक्षणिक प्रमुख असतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा निमूट वाच.

सोमवारी शाळा उघडली. सहावी ब, गणिताचा पहिला तास. मुलांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून तू सगळ्या गणित शिक्षकांना पाठवलेला उपक्रम मी अगदी आज्ञाधारकपणे केला. बाकं भिंतीला लावली, फरशीवर खडूने शून्य ते दहा अशी लांबलचक रेघ आखली. मी प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने न बोलता आपल्या आकड्यावर जाऊन उभं राहायचं. ओळखही होईल, संख्यारेषाही कळेल, असं वर रंगीत अक्षरांत लिहिलं होतंस. भावंडं किती, इथपर्यंत मजा आली. मग तुझाच प्रश्न, जसाच्या तसा: घरात खोल्या किती? आणि त्यापुढचा: विमानात किती वेळा बसलात?

वर्गात प्रियदर्शनी नावाची नवी मुलगी आहे. येरवड्याहून येते, पाचवीपर्यंत महापालिकेच्या शाळेत होती. खोल्यांच्या प्रश्नाला सगळा वर्ग तीन, चार, पाचवर दाटीने उभा राहिला आणि ही एकटी एकवर. विमानाला शून्यावर, तिथेही एकटीच. कुणी हसलं नाही, हे मान्य करते. सगळ्यांनी फक्त पाहिलं. मीही पाहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला: पाचवीत गणितात गुण किती? दहा म्हणजे शंभर. प्रियदर्शनी शून्यावरून निघाली, पूर्ण रेघ चालत गेली आणि दहावर जाऊन उभी राहिली.

आमोद, आपल्या विश्वस्तांचा नातू, मोठ्याने म्हणाला, "मॅडम, ही फेकतेय." मग मात्र वर्ग हसला.

आता मी काय केलं ते वाच. मी आमोदला गप्प केलं नाही. मी तिच्याकडे वळून, चांगल्या मायेच्या आवाजात विचारलं, "बाळा, नक्की आठवतंय ना?" नऊवर दोघं उभी होती, त्यांना मी काही विचारलं नव्हतं. बावीस वर्षं शिकवतेय मी, तनया! तिने माझ्याकडे बघितलं. मग दहावरून निघाली आणि सातवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "चुकून गेले तिकडे, मॅडम."

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. बुधवारी दुपारी मी कार्यालयातून तिचं जुनं प्रगतिपुस्तक मागवलं. गणित, शंभरपैकी शंभर.

शाळा सुटल्यावर तशीच तिच्या घरी गेले. तिची आई हिराताई एका दवाखान्यात आया आहेत, नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. मी म्हटलं, खोल्यांचा प्रश्न मी विचारायलाच नको होता. त्या म्हणाल्या, "खोलीचं काय बाई, आहे ती एकच आहे. ती आम्ही कुणापासून लपवत नाही. पण शंभर तिने मिळवले होते. ते तुम्ही परत घेतलेत." प्रियदर्शनी कॉटवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. मी खाली मान घालून पाणी प्यायले. दुसरं काय करणार होते?

गुरुवारी हे सगळं तुला सांगितलं. तू लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणालीस, "शर्मिला, तू फार मनाला लावून घेतेस. पहिल्या दिवशी होतं असं. मुलगी जरा हळवी दिसते." हळवी! तुझ्या टेबलावरची ती पाण्याची बाटली उचलून भिरकावावीशी वाटली मला. बी.एड.ला तू माझ्या शेजारी बसायचीस. आठ महिने तू मला खडकीला तुझ्या घरी येऊ दिलं नाहीस. कधी पाहुणे, कधी रंगकाम. शेवटी मी न सांगता आले, तर तू दार अडवून उभी राहिलीस. तुझ्या मागे एका खोलीत सहा माणसं जेवत होती आणि तू रडत होतीस. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा आजवर आठवण करून दिली नाही. पण तोच प्रश्न अकरा वर्षांच्या मुलांना भर वर्गात विचारावा, हे तुला सुचलं कसं? दुसऱ्या कुणाला सुचलं असतं तर मी मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. तुला सोडता येत नाही.

शुक्रवारी प्रियदर्शनी आली. हिराताईंनीच आणून सोडलं. मी वर्गासमोर उभी राहून सांगितलं, "हिचे शंभर खरे आहेत. मी शंका घेतली, कारण मी हिच्या घरातली खोली मोजली होती. चूक माझी आहे." ती "हो मॅडम" म्हणाली आणि तिने वही उघडली. माझ्याकडे बघितलं नाही. तिने बघावं असं मी अजून काही केलेलंही नाही.

आणि त्याच दुपारी तुझा कागद आला. 'विद्यार्थिनीस नव्या वातावरणाशी जुळवून घेण्यात अडचण. क तुकडीत हलवण्याची शिफारस.' खाली माझ्या सहीची जागा. वर्गासमोर माफी मागणारी शिक्षिका विश्वस्तांना पचली नसणार, एवढं मला कळतं. कागद सही न करता सोबत परत पाठवतेय. वेगळ्या पानावर मी घडलं ते सगळं लिहिलंय, माझ्या त्या मायेच्या प्रश्नासकट, आणि त्याखाली मात्र सही केलीय. उद्या अकरा वाजता ते पान मुख्याध्यापकांकडे जाईल. उपक्रम कुणाचा होता हे त्यात आहे. आपल्या दोघींमधलं, ते खडकीचं, त्यात काहीही नाही आणि कधी नसेल. माझ्या सहीशेजारी मी जागा सोडलीय. तुझ्या पाठीमागे जायचं नव्हतं, म्हणून हे पाकीट स्वतः तुझ्या दारात टाकून जातेय. साडेदहापासून मी शिक्षकखोलीत बसलेली असेन. पेन घेऊन ये.

तुझीच, आणि म्हणूनच इतकी चिडलेली,
शर्मिला